टेकायची भिंत

दवाखान्यात डोळ्यांत थेंब टाकून नर्सनं गणपतरावांना भिंतीशी बसवलं. अर्धा तास डोळे उघडायचे नव्हते. त्यांनी तेल चोपडलेलं डोकं निवांत मागे टेकवलं. पण डोळे मिटले म्हणून कान थोडेच मिटतात? शेजारी एक नवरा-बायको मोबाइलवर हॉलच्या भिंतीचं प्लास्टर निवडत होते.

"हे पाहा, हे लावू. रस्टिक म्हणते याले," बायको म्हणाली.

"हे तं गावच्या मातीच्या भिंतीसारखं दिसून राहिलं वं."

"तसंच दिसाले पाहिजे. फॅशन आहे."

"मग गावची भिंत काहून पाडाले लावली?"

"ती खरंच मातीची होती ना!"

"पण हे लय खरबरीत आहे. टेकलं तं पाठ सोलून निघंल."

"म्हणूनच म्हणते. तुमच्या बाबांच्या डोक्याचा डाग दोनदा रंग मारला तरी वर येते. आता टेकून तं पाहू द्या!"

"मग बाबा बसतीन कुठी?"

"बाल्कनीत. तिथं साधं प्लास्टर ठेवू. अन् या भिंतीवर त्यायचा टोपीतला जुना फोटो लावू. मस्त शोभते."

"बाबा बाहेर अन् फोटो आत?"

"फोटो काही तेल लावत नाही."

नवरा म्हणाला, "यातलाच दुसरा रंग दाखव बरं."

गणपतरावांनी मान सरळ केली, चाचपत रुमाल काढला आणि डोक्यामागची भिंत पुसली.

"बाबाजी, टेका ना आरामात," नर्स म्हणाली. "अजून वेळ आहे."

"नाही वं माय. असाच बरा आहो मी."