जावयाला दिलेला रंधा

हृदयाच्या स्कॅनसाठी मी बाकावर बसलो होतो. शेजारचे सुतारकाका रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले, तशी काकू उठून उभ्या राहिल्या.

"अहो, काय म्हणाले?"

"रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत. झटक्याचा धोका अगदी कमी. छातीत दुखतं ते फळ्या उचलून."

"सुटले बाई एकदाची!"

"तू सुटलीस, मी अडकलो. मरणाच्या भीतीने बाबांचा रंधा जावयाला देऊन बसलो ना!"

"घरातच राहिला की."

"त्याला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही! आता परत कोणत्या तोंडाने मागू?"

"मागू नका."

"मग लाकूड काय दातांनी तासू?"

"रंधा माझ्या कपाटात आहे. पोचवायला माझ्याकडेच दिला होतात ना?"

"म्हणजे तू दिलाच नाहीस?"

"रिपोर्ट यायचा होता अजून."

"आणि वाईट आला असता तर?"

"तरी दिला नसता. चला आता, स्वयंपाकघराचं दार कधीचं खाली घासतंय."