राणीला अल्सेशियन दाखवला

आमच्या वडवणीत नवीनच केबल आली होती, तवाची गोष्ट सांगतो. टीव्हीत बघून ज्याला त्याला विलायती कुत्रं पाहिजे होतं. माझ्याकडं राणी नावाची बुटकी, झिपरी पामेरियन होती. मी बीडला नेऊन तिला अल्सेशियन दाखवला. म्हटलं, केस आईचे, उंची बापाची. असलं पिल्लू जिल्ह्यात कुणाकडं न्हाई! फळवाल्या सलीमभाईनं तर आधीच एक सांगून ठेवलं.

राणी विताना अडली. सकाळपासून तडफडत होती. शेवटी जनावरांच्या डॉक्टरनं पोट फाडून तीन पिल्लं काढली. त्यातली दोन मेलेली होती. हात धुताना ते म्हणाले, "गिऱ्हाईक बघितलंस, तिची कंबर न्हाई बघितली?"

जगलेलं पिल्लू मोठं झाल्यावर सलीमभाईनं नेलं. पुढं एक दिवस तो मेहुण्याला घेऊन माझ्या दुकानात आला. "लई भारी निघालं बे! यांना बी असलंच एक पाहिजे. पुन्हा कधी?"

माझ्या तोंडून "बघू" निघालंच होतं, तेवढ्यात राणीला कडेवर घेऊन बायको आतून आली.

"द्या की शब्द," ती मला शांतपणे म्हणाली. "पण या खेपेला तुमी व्यायचं."