परदेशी बोटीवर आलेली हरकत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपलं मंडळ गेली नऊ वर्षं सांभाळणाऱ्या डॉ. सुनीतीताई कारखानीस, ज्यांच्या यार्डात आजच्या समारंभाचं निमित्त असलेली बोट बांधली गेली ते व्यासपीठावरचे पाहुणे मिस्टर प्रिचर्ड, आजचे सत्कारमूर्ती श्री. शशिकांत मयेकर, सौ. सुलक्षणावहिनी, नॉटिंगहॅमहून आणि हाउन्सलोहून मुद्दाम गाडी हाकत आलेली मंडळी, आणि कार्डिफकर बंधुभगिनींनो,

सुनीतीताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. चर्चचा हा हॉल आपल्याकडे पाच वाजेपर्यंत आहे, वडे अजून व्हायचे आहेत, आणि केअरटेकर दोनदा डोकावून गेलाय. तेव्हा मी थोडक्यात बोलणार आहे. असं म्हणणारा माणूस किती बोलतो, हे आपण जाणताच.

मयेकरांना मी कधीपासून ओळखतो? आम्ही दोघंही खारवण्याचे. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या तोंडाशी असलेलं आमचं गाव. एका बाकावर बसलो. मी पास होत गेलो, मयेकर त्याच वर्गात बसत गेले. एकोणीसशे सत्तर साली मी इकडे आलो, दोन वर्षांनी ते आले. मी सिटी कौन्सिलच्या लायसन्सिंग खात्यात लागलो, ते गोदीत फिटर म्हणून. आता, 'मयेकर' आणि 'ते' म्हणताना माझी जीभ अडखळतेय. अध्यक्षांनी परवानगी द्यावी. मी शशिकांत म्हणतो.

मिस्टर प्रिचर्डना मराठी कळत नाही, म्हणून त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलता येईल. माणूस सोन्यासारखा आहे. त्यांनी बांधलेली ही बोट इथल्या पेनार्थच्या किनाऱ्यावर बारा वर्षं उतारू नेत होती. चोवीस जणांची, फायबरची, पांढरी, वर निळा पट्टा. शशिकांत दर रविवारी तिच्या इंजिनात डोकं घालून बसायचा. मालक म्हातारा झाला तेव्हा ती त्याने शशिकांतला विकली. आणि शशिकांतने जाहीर केलं की ही बोट मी खारवण्याला नेणार आणि तिथून तालुक्याच्या बंदरापर्यंत माणसं नेणार.

हे ऐकून तुम्हा सगळ्यांना कौतुक वाटलं असेल. मला काय वाटलं, ते सांगू का? माझ्या पोटात दुखलं. साधं नाही, चांगलं कळ येऊन दुखलं.

कारण ही कल्पना माझी होती. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पेनार्थच्या धक्क्यावर चिप्स खाता खाता मी शशिकांतला म्हटलं होतं की अशी एक बोट आपल्या गावात पाहिजे. माझे वडील तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकुमावर चालायची. मला वाटायचं, बोट नेली तर आम्हा तोडणकरांनी न्यावी. चौऱ्याऐंशी साली मी अर्जाचा मसुदाही केला. ब्राऊन फाइल आहे, माझ्या बायकोला, प्रमोदिनीला विचारा, कपाटात वरच्या फळीवर. पहिलं वाक्य मनासारखं जमेना म्हणून अर्ज पाठवायचा राहिला. नऊ वर्षं राहिला. आणि हा गडी, ज्याला 'डिअर सर'च्या पुढे काय लिहायचं ते मला विचारावं लागतं, याने एका पानावर सहा वाक्यं लिहून मुंबईला पाठवली. त्यातली दोन चुकलेली होती.

मंडळातल्या ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे किनाऱ्यावर उतारूंची ने-आण करायची तर बोट तिथेच बांधलेली हवी. बाहेर बांधलेली असेल तर सरकारची खास परवानगी लागते. गंमत बघा, वेल्समध्ये जन्मलेली ती बोट खारवण्यात परदेशी, आणि खारवण्यात जन्मलेले आम्ही इथे. आमच्या मीनलने तर विचारलं, "बाबा, मग बोटला पण व्हिसा लागतो का?" मी म्हटलं, लागतो, आणि तुझ्यापेक्षा कडक.

परवानगीच्या आधी सरकार एक नोटीस काढतं. अमुक माणूस अमुक बोट आणू पाहतो, कोणा स्थानिकाचं नुकसान होत असेल तर मुदतीत हरकत कळवावी. ही पद्धत मला चांगली माहीत. माझी चोवीस वर्षं त्यातच गेली. टॅक्सी असो, कुत्र्यांचं केनेल असो, तलावातली होडी असो, आमच्याकडे अठ्ठावीस दिवस हरकतींसाठी फाइल उघडी असते. हरकत कशी लिहावी म्हणजे ती अधिकाऱ्याच्या डोक्यात बसते, हे कार्डिफमध्ये माझ्याइतकं कोणाला कळत नाही. हे मी आत्मस्तुती म्हणून सांगत नाही. पुढे लागणार आहे.

त्र्याण्णवच्या नाताळात मला माझ्या आईचं पत्र आलं. शांताबाई तोडणकर, वय वर्षं एक्याऐंशी. शेजारची मुलगी लिहून देते. तिला डोळ्यांसाठी महिन्यातून दोनदा तालुक्याला जावं लागतं. दोन एसट्या, तीन तास, आणि मध्ये एका फाट्यावर उन्हात उभं राहणं. पाण्यावरून तेच अंतर पस्तीस मिनिटांचं आहे. आई लिहिते, 'मयेकराच्या मुलाची बोट येणार म्हणून गाव आनंदात आहे. देवळात नारळ ठेवला. तुझी कधी येणार होती रे?'

अध्यक्ष महोदया, वय झालेल्या आईचं पत्र वाचून माणसाला रडू यावं. मला राग आला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या आईने मयेकराच्या बोटीसाठी नारळ ठेवावा?

नोटीस लागली होती. मुदतीचे अठरा दिवस उरले होते.

मला थोडं पाणी मिळेल का? थँक यू, वहिनी.

तर, हरकत आली. खारवण्याचे होडी बांधणारे सुतार श्री. नंदू तोडणकर यांची. नाव ऐकून तुम्ही माझ्याकडे बघू लागलात, बरोबर आहे. नंदू माझा चुलतभाऊ. हरकत इंग्लिशमध्ये, तीन मुद्द्यांची, प्रत्येक मुद्द्याला क्रमांक. एक, लाकडी होड्या बांधणाऱ्या कुटुंबांचं काम जाईल. दोन, फायबरची बोट तिकडच्या खडकांना टिकणार नाही आणि दुरुस्त करणारा तिथे कोणी नाही. तीन, सदर मार्गावर उतारूंची पुरेशी गरज नाही. तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबा. सदर मार्गावर गरज नाही! हे लिहिणाऱ्याची आई त्याच मार्गावरच्या फाट्यावर उन्हात उभी राहत होती.

पुढच्या एप्रिलमध्ये एका शनिवारी सकाळी शशिकांत माझ्याकडे आला. मुंबईच्या ऑफिसने त्याला हरकतीची नक्कल पाठवली होती आणि तीस दिवसांत खुलासा मागितला होता. प्रमोदिनीने चहा ठेवला. शशिकांतने पाकीट टेबलावर सरकवलं आणि म्हणाला की असली पत्रं लिहिणं तुझं काम, उत्तर तूच लिही. मी चष्मा लावला. कागद बघितला. आणि पहिल्याच ओळीवर अडकलो.

तालुक्याच्या बाजारात टाइप करून देणारा बसतो, त्याच्याकडून नंदूने ते टाइप करून घेतलं होतं. त्या भल्या माणसाने मसुद्यातलं एकही अक्षर सोडलं नव्हतं. अगदी वरची ओळसुद्धा. 'आमचा संदर्भ : व्ही.टी. स्ट्रोक पी.टी.'

इथल्या ऑफिसात काम केलेल्यांना कळलं. बाकीच्यांना सांगतो. इथल्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर आधी पत्र सांगणाऱ्याची आद्याक्षरं असतात, मग तिरकी रेघ, म्हणजे स्ट्रोक, आणि मग टाइप करणाऱ्याची. चोवीस वर्षांची सवय. मी घरून दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली तरी प्रमोदिनी ती ओळ टाइप करते. विष्णू तोडणकर स्ट्रोक प्रमोदिनी तोडणकर. खारवण्याच्या सुताराच्या हरकतीवर.

नंदूचा यात दोष नाही, हे मला सगळ्यांसमोर सांगितलं पाहिजे. त्याची हरकत नव्हतीच. विलायतेतल्या मोठ्या भावाने मसुदा पाठवला, सही कर म्हणून लिहिलं, त्याने केली. प्रमोदिनीचाही नाही. तिने टाइप केलं आणि नंतर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी शशिकांतला विचारलं की कोणी केलं असेल रे हे. काय तोंड होतं माझं ते मला माहीत नाही. तो म्हणाला, "सही नंदूची आहे. पण नंदूला एवढं इंग्लिश येत नाही." आणि चहा प्यायला.

मग मी उत्तर लिहिलं. दुसरं काय करणार? आणि मित्रांनो, खरं सांगतो, मला ते वाईट लिहिता येईना. मनात होतं की जरा ढिलं लिहावं. पण हात ऐकेना. माझ्याच तीन मुद्द्यांना मी तीन उत्तरं दिली. होड्या बांधणाऱ्यांचं काम जाणार नाही, कारण बोटीची दुरुस्ती गावच्या सुतारांनाच शिकवून त्यांच्याकडे दिली जाईल. खडकांचा प्रश्न मिस्टर प्रिचर्डच्या सर्टिफिकेटने मिटवला. आणि गरजेच्या पुराव्यासाठी मी श्रीमती शांताबाई तोडणकर यांचं उदाहरण दिलं. दोन एसट्या, तीन तास, फाटा, ऊन. ते लिहिताना मात्र मला रडू आलं. चार महिने उशिरा आलं.

मसुदा झाला. शशिकांतने ऐकला, मान डोलावली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "वर त्यांचा रेफरन्स टाक. तूच सांगतोस ना, रेफरन्स नसला की फाइल हरवते."

प्रमोदिनी मशीनवर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "दोन्हीकडे मीच का?" मी मान हलवली. तिने टाइप केलं. 'तुमचा संदर्भ : व्ही.टी. स्ट्रोक पी.टी.' शशिकांतने खाली सही केली, पेनाचं टोपण लावलं, आणि वहिनींनी दिलेला लोणच्याचा डबा टेबलावर ठेवून गेला.

त्या दिवसाला दीड वर्ष झालं. त्या हरकतीबद्दल तो एक शब्द बोललेला नाही. मंडळाच्या गणपतीत माझ्या शेजारी बसून त्याने आरती म्हटली. माझ्या गाडीचा क्लच बदलून दिला. मला वाटायचं, याने एकदा शिवी द्यावी. शशा, तू शिवी दिली असतीस तर मला इतका हेवा वाटला नसता. बोटीचा वाटला तो वाटलाच, पण त्याहून तुझ्या त्या गप्प बसण्याचा वाटतो. मला जमलं नसतं. मी तर तीन मुद्द्यांत, क्रमांक घालून, उत्तर मागितलं असतं.

जूनमध्ये परवानगी आली. बोट गेल्या महिन्यात जहाजावर चढली. शशिकांत आणि वहिनी गुरुवारच्या विमानाने निघताहेत. नंदूने पत्रात लिहिलंय की शशिकांतने इंजिन उघडायला शिकवायचं कबूल केलंय, विसरू नका म्हणावं. आई विचारते, पहिल्या फेरीला पुढची जागा मिळेल का. ती मला विचारते, मयेकराला नाही. तिला अजून वाटतं की या सगळ्यात तिच्या मुलाचा काहीतरी हात असणार. आता तिला काय सांगू?

आज दुपारी आम्ही दोघं इथे खुर्च्या लावत होतो. शशिकांत म्हणाला की परवानगी एक वर्षाचीच आहे, दर वर्षी नवी नोटीस निघणार, नव्याने हरकती मागवणार. एवढंच म्हणाला आणि पुढची खुर्ची उचलली. शशिकांत, मी तुला सगळ्यांसमोर शब्द देतो. हेवा माझा संपलेला नाही. तू विमानात बसशील तेव्हा मी कौन्सिलमध्ये कुत्र्यांच्या केनेलची फाइल बघत असेन, आणि माझा जळफळाट होईल. पण पुढच्या वर्षी मला हरकत घ्यावीशी वाटली, तर ती मी माझ्या नावाने, माझ्या सहीने, कार्डिफच्या पत्त्यावरून घेईन. आणि तिचं उत्तर लिहायला तुला माणूस लागलाच, तर पत्ता तोच आहे.

मंडळातर्फे दिलं जाणारं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे होतं. ते आता अध्यक्षांच्या हस्ते दिलं जाईल. त्यात तुझे सगळे गुण आहेत, मी वाढवून लिहिलेलं नाही. मानपत्राला संदर्भ क्रमांक नसतो. याला आहे. वर डावीकडे, 'आमचा संदर्भ : व्ही.टी. स्ट्रोक पी.टी.' प्रमोदिनीने या वेळी काही न विचारता टाइप केलंय. त्याच्या खाली 'तुमचा संदर्भ' असं लिहून जागा कोरी सोडली आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, तो मी ओलांडला, त्याबद्दल त्यांचे आणि केअरटेकरचे आभार. मिस्टर प्रिचर्ड, थँक यू फॉर द बोट. सुलक्षणावहिनी, लोणचं छान होतं, डबा धुऊन आणलाय. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला लागलं असेल, तर मोठ्या मनाने विसरून जावं. एक चूक मात्र विसरा असं मी म्हणत नाही. ती कागदावर आहे, संदर्भासहित आहे, आणि तिच्यावर काय ते एकट्या शशिकांतने कळवावं. आमच्या खात्याच्या नियमाप्रमाणे मुदत अठ्ठावीस दिवसांची. तुझ्यासाठी मी फाइल उघडीच ठेवतो.