राउंडअबाउटपलीकडची नोकरी

अहो, चिडू नको तर काय करू? सहा वर्षं! सहा वर्षं मी ही मान अशी ताठ धरून हिंडतोय, ऑफिसात, लग्नकार्यात, सासऱ्यांसमोर... आणि काल सॉलिसिटरचं, म्हणजे वकिलाचं, पत्र येतं की, शशिधर, तुझी काही चूकच नव्हती!

तुम्हाला सांगतो, इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये, आमच्या ऑफिससमोर एक राउंडअबाउट आहे, म्हणजे गोल चौक. त्याच्या पलीकडे दुसरी सॉफ्टवेअर कंपनी. काम तेच, पगार दीडपट आणि कॅन्टीनमध्ये गरम जेवण! आमच्याकडे काय? सँडविच. तेही गारढोण. केला मी अर्ज! नुसता राउंडअबाउट ओलांडायचा होता हो!

तीन इंटरव्ह्यू झाले. शेवटी तिथला मॅनेजर ग्रॅहम, माझा हात सोडेचना, ‘शशी, ब्रिलियंट! मंडेला कळवतो!’ आणि मंडेला काय आलं? ‘अनफॉर्च्युनेटली, ऑन दिस ऑकेजन...’ या देशात मेलमध्ये ‘अनफॉर्च्युनेटली’ दिसलं की पुढचं वाचू नये, सरळ चहा टाकावा.

पण चुकलं कुठे? रात्रंदिवस तोच विचार. शेवटी सापडलं... मान! ग्रॅहम बोलत असताना मी मान डोलावत होतो. आपण डोलावतोच की! ‘हो’ म्हणताना डोलावतो, ‘बघू’ म्हणताना डोलावतो, समोरच्याचं काही कळलं नाही तर जरा जास्तच डोलावतो. त्याला वाटलं असणार, याचं कशाचंच नक्की नसतं! झालं. त्या दिवसापासून मान बंद. फिजिओ झाला, उशा बदलल्या, गाडी रिव्हर्स घेताना मी आख्खा वळतो! कशासाठी? नुसता राउंडअबाउट ओलांडायचा होता!

आणि घरी काय सांगायचं? नाकारलं म्हणून? छे! निवेदिताला, म्हणजे बायकोला, मी छातीठोकपणे सांगितलं, ‘मीच नाही म्हटलं. या कंपनीने व्हिसा दिला, इमान म्हणून काही असतं की नाही?’ तिने ते इथल्या आख्ख्या मराठी मंडळात पसरवलं! ‘शशीला समोरून बोलावणं होतं, पण गेला नाही हो!’ गणपतीत मला भाषणाला उभं केलं. विषय? निष्ठा! पुण्याहून नवी आलेली पोरं वहीत लिहून घेत होती...

आता ऐका काल काय कळलं ते. दोन्ही कंपन्यांचा गुपचूप करार होता! तुमची माणसं आम्ही घ्यायची नाहीत, आमची तुम्ही घ्यायची नाहीत. अरे, आम्ही माणसं आहोत की दावणीच्या म्हशी? कुणीतरी आमच्या सगळ्यांच्या वतीने दावा लावला आणि आता तडजोड. त्यातही तोरा बघा! ‘आम्ही काही चुकीचं केलं असं आम्ही मानत नाही, तरी भरपाई घ्या.’ म्हणजे पाय तुडवायचा आणि वर म्हणायचं, पाय आमचा नव्हेच, पण घ्या हे मलम!

बरं, भरपाईच्या फॉर्मला काय जोडायचं? नकाराचा मेल! तो तर मी तेव्हाच डिलीट केलेला, छापलेला कागदही फाडून टाकलेला. शिवाय फॉर्म भरला तर घरात कळणार, मंडळात कळणार, त्या वह्यांचं काय करू?

मी असा पत्र धरून बसलोय, तर निवेदिता आली, कपाटातून फाइल काढली, माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर तेच, ‘अनफॉर्च्युनेटली!’

‘तू दोन प्रती काढल्या होत्यास. एक प्रिंटरमध्येच राहिली.’

‘म्हणजे तुला सहा वर्षं माहीत होतं? मग भाषणाला कशाला उभं केलंस?’

‘दोन महिने तू कुणाशी धड बोलत नव्हतास, शशी. त्या भाषणानंतर पहिल्यांदा पोटभर जेवलास.’

तुम्हाला सांगतो, मी सहा वर्षांत पहिल्यांदा मनापासून मान डोलावली...

आणि तिथेच अडकली. अजून डावीकडेच आहे, बघा! फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मानेसाठी रकानाच नाही.