तात्यांचा आवाज आणि मुकुंदाची खात्री

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. जपणं म्हणजे काय? आपण म्हणतो ना — "काळजी करू नका, जपून ठेवलंय!" कुठे ठेवलंय? पाहिलंय का पुन्हा? का नुसतं तोंडाने म्हणतोय? मनातल्या मनात उत्तर द्या, शेजाऱ्याकडे बघू नका! शेजारीही तुमच्याकडेच बघतोय!

तर देवरुखात केळसकर म्हणून एक कुटुंब. वासुदेव केळसकर, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. नोकरी काय? एस.टी. स्टँडवर गाड्यांची घोषणा करायची! "साखरप्याला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे, प्रवाशांनी घाई करू नये!" आणि घाई करू नये म्हटलं की लोक काय करायचे? पळत सुटायचे! पण आवाज असा, मंडळी — खणखणीत आणि तरी मऊ. बाजारातल्या बायका म्हणायच्या, तात्यांनी गाडी रद्द झाल्याचं सांगितलं तरी राग येत नाही!

तात्या निवृत्त झाले आणि त्याच वर्षी घसा धरला. औषधं झाली, काढे झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल.

काय वाटलं असेल हो? ज्या माणसाची ओळखच आवाज, त्याला सांगितलं, आता मुका हो!

तात्यांचा मुलगा मुकुंद. पतपेढीत संगणकाचं काम बघायचा. आळीतल्या कुणाचाही मोबाईल अडला की मुकुंदाकडे. तोही न बघताच सांगायचा, "काही नाही हो, सोपं आहे!" मुकुंदाची बायको शरयू तेव्हा गरोदर. तात्या एक दिवस म्हणाले,

"मुकुंदा, तुझा मोबाईल दे जरा. मला काही बोलून ठेवायचंय."

मुकुंदाने रेकॉर्डिंग कसं करायचं ते दाखवलं. मग रोज दुपारी तात्या मागच्या खोलीत दार लावून बसायचे. आतून कधी गाणं ऐकू यायचं, कधी नुसतं हळू बोलणं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोबाईल मुलाच्या हातात देऊन म्हणाले,

"यात बाळासाठी पाळणा म्हटलाय, बारशाला लाव. बाकीचं सवडीने ऐका. जपशील ना?"

"तात्या, अहो काळजी सोडा! आपलं सगळं आपोआप वर जातं. क्लाउडवर! मोबाईल विहिरीत पडला तरी काही होत नाही."

तात्या हसले. ते "जपशील ना?" हेच त्यांचं मुलाशी शेवटचं बोलणं.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. गळ्यात पाटी आली, लिहून बोलायची. पुढे मुलगी झाली, घरात पाळणा बांधला, बारशाचा दिवस उजाडला.

सकाळपासून मुकुंदाची धावपळ! व्हिडिओ काढायला मोबाईल वर केला, तर मोबाईल म्हणतो — जागा शिल्लक नाही! मुकुंदाने पाहिलं, सर्वात जास्त जागा कशाने खाल्ली? त्या रेकॉर्डिंगनी. मनात म्हणाला, वर आहेतच की! बोट टेकवलं — सगळी निवडली. मोबाईलने विचारलं, कायमची काढू का? बघा, यंत्रानेसुद्धा थांबून विचारलं! हा म्हणाला, हो!

नाव ठेवायची वेळ झाली. आत्या, म्हणजे मुकुंदाची बहीण अंजली, पाळण्याशी उभी. तात्या पुढे आले. नवं धोतर, डोळ्यांत चमक. त्यांनी कानाला हात लावला आणि मुकुंदाकडे पाहिलं. म्हणजे काय? लाव आता!

मुकुंदाने क्लाउड उघडलं. सहलीचे फोटो आहेत. जेवणाच्या ताटाचे फोटो आहेत. कुणाच्या तरी मांजराचा फोटो आहे! रेकॉर्डिंग? नाही. पुन्हा शोधलं. नाही. मग सेटिंग उघडलं, आणि काय झालंय ते त्याला दिसलं.

आता हे समजून घ्या, माउली. मोबाईलमधली जागा म्हणजे घरातली फळी. हात लांब केला की वस्तू मिळते, पण फळी भरते, आणि मोबाईल गेला की फळीसकट सगळं जातं. क्लाउड म्हणजे ढग म्हणतात, पण आभाळात काही नसतं हो! दूर कुठेतरी जमिनीवरच थंडगार इमारत असते, तिच्यात मोठी यंत्रं, आणि नेटच्या वाटेने आपली वस्तू तिथे जाऊन राहते. पण जी पाठवा म्हणून सांगितली, तीच जाते! मुकुंदाने कधीकाळी फोटोंसाठी ते चालू केलं होतं. रेकॉर्डिंगसाठी? बंद! ती फक्त फळीवर होती. आणि फळी त्याने सकाळीच आपल्या हाताने पुसून काढली होती.

सगळे बघतायत. तात्यांचा हात अजून कानाशीच. काय बोलला असेल मुकुंद?

"तात्या... नेट नाहीये आत्ता."

खोटं! मंडळी, कान लाल झाले त्याचे, पण जीभ वळली ती खोट्याकडेच. तात्यांनी मान हलवली, असू दे. मग पाळण्यावर वाकले, तोंड उघडलं... नुसती हवा आली. अंजलीने घाईघाईने नाव घेतलं, रेवा! बायका पाळणा म्हणू लागल्या. मुकुंदाला खाली बघण्यावाचून इलाज उरला नाही.

एक खोटं एकटं राहतं का हो? तात्यांनी पुन्हा कानाला हात लावला की मुकुंद म्हणे, "क्लाउडच्या कंपनीला कळवलंय." पुन्हा विचारलं की, "येईल, वेळ लागतो." चोरून रत्नागिरीला गेला, पुसलेलं परत मिळतं का म्हणून मोबाईलची दुकानं पालथी घातली, सगळ्यांनी हात वर केले. शरयूने एकदा विचारलंच,

"अहो, खरं काय ते सांगा. गेलं का ते?"

तिच्यावरच ओरडला! चूक आपली असली की आवाज असा चढतो.

मग एका रविवारी तात्यांचे साडू, बाबल पेडणेकर, चहाला आले. बोलायला फटकळ. म्हणाले, "काय वासुदेवा, तुझा तो पाळणा ऐकवणार होता ना मुकुंद? घालवला वाटतं!"

तात्यांचा चेहरा उतरला. पाटी ओढली, खडू जोरात चालवला आणि पाटी साडूंसमोर धरली. तिच्यावर लिहिलं होतं —

'माझा मुलगा जपतो. वर ठेवलंय त्याने.'

चहाचा कप मुकुंदाच्या हातात होता. तो तसाच खाली ठेवून तो परसात गेला. विहिरीच्या कठड्याला धरून उभा राहिला. बाप रागावला असता तर सोसलं असतं हो! बापाने विश्वास ठेवला — आणि तो चारचौघांत पाटीवर लिहून दाखवला!

पाहुणे गेल्यावर तो तात्यांच्या पायाशी बसला.

"तात्या, वर काही नव्हतं. मी बघितलंच नव्हतं कधी. मीच पुसलं, बारशाच्या सकाळी. आणि मग खोटं बोलत राहिलो."

तात्यांनी पाटी मांडीवर घेतली. मग त्यांनी लिहिलं,

'पण तू ऐकलं होतंस ना? काय काय म्हटलं होतं मी?'

मंडळी... मुकुंदाने एकही ऐकलं नव्हतं. एकही! वर आहे, केव्हाही ऐकू, या खात्रीवर एवढे महिने गेले. काय गेलं, हेसुद्धा त्याला सांगता येईना!

त्याने मान हलवली. नाही.

तात्यांनी पाटी पुसली. थोड्या वेळाने पाळण्याचे शब्द लिहून दिले. मुकुंद भसाड्या आवाजात म्हणू लागला, तात्या बोटाने ताल धरून चूक दाखवत राहिले. रेवा झोपायची सोडून टकाटका बघत राहिली! तो पाळणा आज त्या घरात म्हटला जातो. मुकुंदच म्हणतो.

पण एकदा धीर करून त्याने विचारलं, "तात्या, बाकीच्यात काय होतं? माझ्यासाठी काही होतं का?"

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. खडू उचलला... आणि परत ठेवला.

ते मुकुंदाला अजून माहीत नाही.

आता माझं बोलणं तुमच्याकडे वळतं. घरी गेल्यावर मोबाईल उघडा, काय फळीवर आहे, काय खरंच दूर पोचलंय, डोळ्यांनी बघा. ते सोपं आहे. पण ज्यांचा आवाज आज घरात आहे — आई, बाप, जो कुणी — त्यांच्यापाशी बसून शेवटचं कधी ऐकलंत? का आहेतच की, केव्हाही ऐकू?

खाली काय बघताय, माउली? माना वर करा. ज्याला आज घरी जाऊन कुणाचं तरी ऐकायचंय, त्याने देवाचं नाव जरा मोठ्याने घ्या!