टेकाडातलं शिसं

मोंटानातल्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात रोझेला आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारा आणि मांडीवर रिव्हॉल्वरचा उघडा डबा धरलेली एक बाई बोलत होते. दोघांची ओळख आत्ताचीच.

“एवढं दांडगं रिव्हॉल्वर तुमचं, बाई?”

“नवऱ्याचं. गोळ्याही त्यानंच घरी शिसं ओतून केलेल्या. आता सहाच उरल्यात.”

“उडवता, की नुसत्या बघता?”

“तो गेल्यापासून दर रविवारी मी एक उडवायचे. डोंगरावरून आवाज फिरून यायचा ना, तेव्हा वाटायचं, पलीकडून तोच ओ देतोय. आता हात धजत नाही. या सहा संपल्या, की तोही संपला.”

“गोळ्यांचा साचा आहे त्याचा?”

“आहे.”

“बंदुकीच्या दारूचं माप?”

“वहीत लिहिलंय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण मला लागतं.”

“नेम कुठं धरायचा तो?”

“घरामागच्या टेकाडावर. एकतीस वर्षं तिथंच. मीही तिथंच.”

“मग बाई, सगळं शिसं तिथंच असेल की! मातीत शिसं कुजत नाही. उकरा, वितळवा, त्याच्याच साच्यात ओता.”

बाईनं डब्यातली एक गोळी उचलून तळहातावर धरली. रोझेलाही बाकावर पुढे सरकली.

“त्यानं उडवलेल्या सगळ्या?”

“सगळ्या. तुम्ही उडवलेल्याही त्यांतच मिसळल्या असतील. आता वेगळ्या काढता यायच्या नाहीत.”

“नकोतच काढायला,” बाई म्हणाली.