मनूचं बोट आणि नवी वायर

तुम्हाला सांगतो, टीव्हीची वायर बदलली म्हणून पाठीत धपाटा खाणारा अख्ख्या नाहूरमध्ये मी एकटाच असेन.

शेजारच्या सावंतकाकूंनी मोठा टीव्ही घेतला, कारण त्यांची मनू कबड्डी खेळताना पहिल्यांदाच टीव्हीवर दिसणार होती. पण सेट टॉप बॉक्सला जुनीच लाल-पिवळी-पांढरी वायर! चित्र धुरकट, पोरी सगळ्या आडव्या ताणलेल्या. मी घरून एचडीएमआय वायर आणून लावली, सेटिंग बदललं. चित्र एकदम झकास!

काकू ओरडल्या, "मेल्या, काय केलंस ह्यां? पोर केवढी वाळली!"

"काकू, ती तशीच आहे. आधीचं चित्र ताणलेलं होतं."

"मग ताण परत! मघाशी कशी अंगानं भरलेली दिसत होती."

काय करणार! मी वायर काढायला वाकलो, तेवढ्यात मनू चढाईला गेली. दोघीजणी तिच्या अंगावर पडल्या, तरी ती त्यांना ओढत मधल्या रेषेकडे सरपटली. पंचांचा हात वर जायच्या आधीच काकूंचा धपाटा माझ्या पाठीत बसला.

"हात लावू नको त्या वायरीला! बोट टेकलं तिचं रेषेला. मला दिसलं!"